बहिरी, हुदहुद आणि पंचगंगेचा काठ

बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूरची पंचगंगा माहीत होते ती तिच्या पुरामुळे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेले की नदीने धोक्याची पातळी ओलांडल्याची बातमी येते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर तर नातवंडांना सांगण्याच्या गोष्टी झाल्या आहेत. मात्र पूर ओसरल्यानंतर याच नदीच्या काठी जे घडते, त्याची बातमी कधी होत नाही.

भाद्रपद सरत आला की पाणी आपल्या पात्रात परतते. काठावर गाळाचे ओले पट्टे उघडे पडतात. त्या गाळात किडे, अळ्या, लहान शंखशिंपले असतात आणि ते टिपायला परमुलखातले पाहुणे उतरू लागतात. शेपटी सतत खालीवर हलवणारा धोबी येतो. लांब पायांची तुतारी चिखलात चोच खुपसत फिरते. ऑक्टोबरात काठच्या भिंतीवर आणि कुंपणावर थिरथिरा दिसू लागतो. वेलीच्या शेंड्यावर तपकिरी खाटीक बसतो. पूर्वेकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात भोरड्यांचे थवे तर त्याआधीच, श्रावणापासून आलेले असतात. पुढे थंडी पडली की मोठ्या पाणवठ्यांवर बदके आणि चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. यांतले काही हिमालयापलीकडून येतात, काही मध्य आशियातून, तर काही थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून. चिखलीजवळच्या प्रयाग संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत पंचगंगेचा प्रवास अवघ्या ऐंशीएक किलोमीटरचा आहे. या पाहुण्यांचा प्रवास मात्र हजारो किलोमीटरचा असतो.

आता सकाळी घाटावरून, शिवाजी पुलाजवळून किंवा कसबा बावड्याच्या बाजूने दुर्बिणी घेऊन फिरणारी तरुण मुले दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांत आपल्या मोहल्ल्यातली मुले फारशी दिसत नाहीत. पक्षिनिरीक्षण हा इंग्रजी शिकलेल्यांचा, सुट्टीतला, महागड्या कॅमेऱ्याचा छंद आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. या देशात पक्ष्यांविषयी जे ज्ञान जमा झाले, त्यात मुसलमानांच्या हातांचा, डोळ्यांचा आणि जिभेचा मोठा वाटा आहे. तो वाटा कोणता होता आणि त्यातला कोणता भाग आपण हरवला, हे या लेखात पाहायचे आहे.

नावे काय सांगतात

इतिहासाची साधने म्हणजे फक्त शिलालेख आणि फर्माने नव्हेत. रोजच्या तोंडचे शब्द हेही साधनच आहे. शिकारी पक्ष्यांची मराठी नावे पाहा. ससाणा हा देशी शब्द. पण बाज, शिकरा, बहिरी, शाहीन, तुरुमती हे शब्द फारसी आणि तिच्याबरोबर आलेल्या भाषांतून दख्खनेत आले आणि मराठीत मुरले. मराठी पक्षिपुस्तकांत आजही बहिरी ससाणा असेच नाव छापलेले असते. बहर म्हणजे समुद्र, त्यावरून बहरी, आणि मराठी जिभेवर त्याचे झाले बहिरी. ज्याला ही व्युत्पत्ती ठाऊक नाही तो म्हणेल की हा पक्षी ऐकू न येणारा असावा!

या नावांत नुसती ओळख नाही, बारीक निरीक्षणही साठवलेले आहे. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी आणि ताकदवान असते. ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकातही सापडेल. पक्षी पाळणाऱ्यांनी मात्र ती शेकडो वर्षांपूर्वी हेरली होती आणि नर व मादीला वेगळी नावे दिली होती. त्यांच्या बोलीत बाज म्हणजे मादी आणि तिचा नर म्हणजे जुर्रा. शिकरा म्हणजे मादी आणि तिचा नर चिपक. मोठ्या सावजावर कोणाला सोडायचे आणि तितरावर कोणाला, हे या नावांवरूनच ठरायचे.

याहून महत्त्वाची गोष्ट बहिरी आणि शाहीन या जोडीची आहे. आजचे शास्त्र सांगते की हे दोन्ही एकाच जातीचे दोन प्रकार आहेत. एक उत्तर ध्रुवाकडच्या उजाड प्रदेशात घरटे करतो आणि हिवाळ्यापुरता इकडे येतो. दुसरा गडद रंगाचा, आपल्याच सह्याद्रीच्या कड्यांवर वर्षभर राहणारा. पक्षी पाळणाऱ्यांनी पहिल्याला बहिरी म्हटले आणि दुसऱ्याला शाहीन. पाऊस संपल्यावर येणारा कोण आणि घरचा कोण, हे त्यांना पक्के ठाऊक होते. स्थलांतर हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता, पण स्थलांतराचे ज्ञान त्यांच्यापाशी होते.

चक्रवाकाचेही असेच. संस्कृत काव्यातला हा विरही पक्षी. रात्री जोडी ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवर बसते असा कविसंकेत. हाच पक्षी फारसी-उर्दूत सुर्खाब. आपल्या घरांतून कोणी उगाच मिजास दाखवू लागला तर त्याला काय सुर्खाबचे पर लागलेत का, असे आजही विचारले जाते. विचारणाऱ्या खालाजानने सुर्खाब कधी पाहिलेला नसतो. चक्रवाक आणि सुर्खाब ही एकाच पक्ष्याची दोन नावे आहेत, हे तिला आणि तिच्या शाळेत जाणाऱ्या नातवालाही कोणी सांगितलेले नसते.

शिकारखान्यातले ज्ञान

ही नावे दख्खनेत कोणत्या वाटेने आली? मुख्य वाट दरबाराची. आजच्या कोल्हापूर जिल्ह्याचा मुलूख बहमनी आणि नंतर आदिलशाही सत्तेखाली दीर्घकाळ होता. पन्हाळा हा आदिलशाहीचा महत्त्वाचा किल्ला. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा हातावर बाज घेऊन घोड्यावरून निघाला आहे, असे सोळाव्या शतकाच्या अखेरीचे एक सुंदर दख्खनी चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे जपलेले आहे. सुलतानाच्या हातावर पक्षी बसवण्यापूर्वी कोणीतरी तो पकडलेला असतो, त्याचे डोळे बांधून त्याला माणसाची सवय लावलेली असते, त्याला किती मांस द्यायचे आणि केव्हा उपाशी ठेवायचे हे जोखलेले असते. हे करणारा तो बाजदार. पक्षी पकडणारा आणि शिकारखान्याची व्यवस्था पाहणारा तो मीरशिकार. चित्रात सुलतान दिसतो, बाजदाराचे नाव कोठेही नसते.

उत्तरेत अबुल फजलने आईन-ए-अकबरीत बादशाही शिकारी पक्षी, त्यांचा खुराक आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा पगार यांची तपशीलवार नोंद केली आहे. जहांगीर बादशहा तर मनाने निरीक्षकच होता. लैला आणि मजनू अशी नावे दिलेल्या सारसांच्या जोडीने अंडी कशी घातली आणि ती आळीपाळीने कशी उबवली, हे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने सायबेरियन क्रौंचाचे चित्र काढले. ते आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या क्रौंचाला शास्त्रीय नाव देण्याच्या दीडेकशे वर्षे आधी मन्सूरने त्याच्या पायांचा आणि चेहऱ्याचा रंग कागदावर उतरवला होता.

मराठी राज्यातही ही परंपरा चालू राहिली. शिवकाळातील अठरा कारखान्यांच्या याद्यांत शिकारखाना आहे. राजव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण शिकाऱ्याच्या आणि कुणब्याच्या तोंडचा बाज बाजच राहिला. कोल्हापूर संस्थानचे चित्ते तर प्रसिद्धच होते. देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले आणि त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली. हे चित्ते माणसाळवणाऱ्या चित्तेवानांत मुसलमान घरे होती. संस्थाने गेली, शिकारखाने बंद झाले आणि जनावर हाताळण्याची पिढीजात विद्या जाणणारी माणसे दुसऱ्या रोजगाराला लागली.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. या साऱ्याचा निव्वळ अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. शिकारखाना हा राजेरजवाड्यांचा शौक होता आणि त्यात असंख्य जीव गेले. बाजदार हा त्या शौकाचा चाकर होता. परंतु चाकराचे ज्ञान हे त्याचे स्वतःचे असते. ते ज्ञान इतिहासात नोंदले गेले नाही, कारण त्याला लिहिता येत नव्हते आणि ज्याला लिहिता येत होते त्याला त्याचे नाव लिहावेसे वाटले नाही.

हुदहुद आणि सुरद

दुसरी वाट धर्माची आणि साहित्याची. पंचगंगेच्या काठच्या गवतात डोक्यावर तुरा असलेला, लांब चोचीने जमीन टोकणारा पक्षी दिसतो. मराठीत त्याला हुदहुद म्हणतात. कुरआनातही त्याचे नाव हुदहुदच आहे. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान पक्ष्यांची हजेरी घेतात तेव्हा हुदहुद गैरहजर असतो. मग तो सबाच्या राणीची खबर घेऊन येतो. दूर देशीची खबर आणणारा पक्षी म्हणून त्याची निवड किती चपखल आहे, हे हुदहुदाचा ऋतू पाहिला की कळते. आपल्याकडे काही हुदहुद बारमाही असतात आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्यांची त्यांत भर पडते.

फरीदुद्दीन अत्तार यांच्या मन्तिकुत्तैर या फारसी काव्यात हाच हुदहुद पक्ष्यांचा वाटाड्या होतो. सात खोऱ्या ओलांडून शेवटी तीसच पक्षी मुक्कामी पोहोचतात आणि सीमुर्गचा शोध घेता घेता स्वतःलाच भेटतात. फारसीत सी मुर्ग म्हणजेच तीस पक्षी. हे काव्य दख्खनच्या माणसाला परके राहिले नाही. वजदी या कवीने पंछी बाचा या नावाने ते दख्खनीत आणले. स्थलांतराची याहून मोठी रूपककथा सापडणे अवघड आहे. वाटेत बहुतेकांचे गळून पडणे, थोड्यांचे पोहोचणे, हे अत्तारांनी साधकाविषयी सांगितले असले, तरी आकाशातल्या खऱ्या प्रवाशांचीही गत तीच असते.

एका हदीसमध्ये चार जीवांना मारण्याची मनाई आली आहे: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद. सुरद म्हणजे आपला खाटीक पक्षी. किडे आणि सरडे पकडून काट्यावर टोचून ठेवण्याच्या सवयीमुळे मराठीत त्याला हे नाव पडले. म्हणजे ज्या दोन पक्ष्यांना नाव घेऊन अभय दिले गेले, ते दोन्ही शरद ऋतूत पंचगंगेच्या काठी एकाच सकाळी पाहायला मिळू शकतात. मदरशात ही हदीस शिकणाऱ्या मुलाला सुरद कसा दिसतो हे दाखवले, तर त्याचा धडा पक्का होईल आणि पक्षीही त्याचा ओळखीचा होईल.

बंदुकीपासून वहीपर्यंत

आधुनिक अर्थाने दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. पुढे जेर्डन यांचा भारतीय पक्ष्यांवरचा ग्रंथ १८६२ पासून निघाला. बेळगावच्या छावणीतील बटलर आणि दक्षिण कोकणातील विडाल या अधिकाऱ्यांनी १८८० च्या सुमारास आपापल्या भागाच्या याद्या छापल्या. कोल्हापूर या दोन्ही मुलखांच्या मधोमध येते. जेर्डनच्या ग्रंथात पक्ष्यांची देशी नावे दिलेली आहेत. ससाण्यांच्या प्रकरणात बहिरी, शाहीन, लगड, तुरुमती, बाज, जुर्रा असे सारे मीरशिकारांचे शब्द येतात. साहेबाने बंदुकीने पक्षी पाडला, कातडे भरून विलायतेला धाडले. पण त्याचे नाव आणि येण्याजाण्याचा हंगाम त्याला इथल्या माणसांनी सांगितला.

या दोन परंपरा, एक हाताची आणि एक ग्रंथाची, ज्या एका माणसात एकत्र आल्या ते डॉ. सालिम अली. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईवडील गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हा वेगळाच पक्षी खाणे आपल्याला चालेल का, या शंकेने पोरगा मामाकडे गेला. मामांनी त्याला १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. तिथे कप्प्याकप्प्यांतून भरून ठेवलेले पक्षी पाहून त्या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली.

पुढचा रस्ता सोपा नव्हता. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची नोकरी नाकारली गेली. बर्लिनला जाऊन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली ते शिकले. परत आले तर नोकरी उरली नव्हती. तेव्हा त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे राहून सुगरणीचा अभ्यास केला. पैशाच्या ओढाताणीतून झालेला तो अभ्यास जगभर नावाजला गेला. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि सामान्य वाचकाला पक्षी ओळखणे शक्य झाले. डिलन रिप्ले यांच्याबरोबरचा दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. १९८७ साली त्यांचे निधन झाले. आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत याची सालिम अलींना जाणीव होती. मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर त्यांनी १९२७-२८ मध्येच लेखमाला लिहिली होती.

ते एकटे नव्हते. हुमायून अब्दुलअली यांनी सोसायटीच्या पक्षिसंग्रहाची सूची तयार करण्यात अनेक वर्षे घातली आणि १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्यासाठी झटले. जफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी वार्तापत्र सुरू करून गावोगावच्या हौशी माणसांच्या नोंदींना छापील जागा दिली. ही सारी मंडळी मुंबईची, इंग्रजीत लिहिणारी, सुखवस्तू घरांतली होती हे खरे. त्यामुळेच कदाचित सांगली-कोल्हापूरच्या बागवान, अत्तार, मोमीन, मुजावर घरांना ती आपली वाटली नाहीत.

कडे घालणारे हात

तरीही या कथेत एक असा दुवा आहे, जो ग्रंथाला पुन्हा हाताशी जोडतो. पक्षी कोठून येतो आणि कोठे जातो हे कळण्यासाठी त्याच्या पायात हलके कडे घालून सोडावे लागते. त्यावर क्रमांक आणि कळवण्याचा पत्ता असतो. तो पक्षी दुसरीकडे सापडला की प्रवासाची दोन टोके जुळतात. आपल्या देशात हे काम १९२० च्या दशकात धारच्या मराठा संस्थानात बदकांपासून सुरू झाले.

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. माकडताप या नावाने पुढे हा आजार सिंधुदुर्गातही पोहोचला. त्याचा विषाणू सायबेरियातल्या एका विषाणूशी जुळता होता. मग तो तिकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांनी आणला का, असा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने हजारो पक्षी पकडून, तपासून, कडे घालून सोडले. पक्ष्यांनी आजार आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पण पक्ष्यांच्या वाटांचे ज्ञान मिळाले. राजस्थानातील भरतपूरला कडे घातलेली बदके तेव्हाच्या सोव्हिएत मुलखात सापडली.

प्रश्न होता पक्षी जिवंत आणि इजा न होता पकडायचे कसे? हे पदवीधरांना येत नव्हते. ते येत होते मीरशिकारांना. दरबारी पदाचे हे नाव बिहारसारख्या भागांत एका गरीब मुस्लिम जमातीचे नाव होऊन राहिले होते. त्या जमातीतले अली हुसेन सोसायटीच्या कामात आले आणि दीर्घकाळ राहिले. कोणत्या पक्ष्याला फास, कोणत्याला जाळे, कोणत्याला चिकाची काडी, वारा कोणत्या बाजूने हवा, हे त्यांना वाडवडिलांकडून मिळाले होते. पूर्वी हा हात पक्षी पकडून बाजारात किंवा दरबारात पोहोचवीत होता. आता तोच हात पक्ष्याला कडे घालून आकाशात सोडू लागला. शास्त्रीय अहवालांवर नावे शास्त्रज्ञांची असतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या अहवालांतला पक्षी आधी एका मीरशिकाराच्या तळहातावर येऊन गेलेला होता, हे विसरता कामा नये.

बाकीच्या मीरशिकारांचे काय झाले? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ मधील त्याची दुरुस्ती यांनी देशी पक्ष्यांची शिकार आणि व्यापार बंद केला. कायदा आवश्यकच होता. पिंजऱ्यांत कोंबलेल्या मुनिया आणि पोपटांचे बाजार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण कायद्याने धंदा बंद केला तेव्हा त्या धंद्यातल्या माणसाच्या ज्ञानासाठी दुसरी जागा कोणी केली नाही. अली हुसेन यांच्यासारखे अपवाद सोडले, तर पिढीजात जाणकार एका रात्रीत गुन्हेगार ठरले किंवा मजूर झाले. त्यांच्या तोंडी असलेली नावे, हंगाम आणि खाणाखुणा लिहून घेण्याचे काम फार थोडे झाले.

असे घडणे अटळ नव्हते. नागालँडमध्ये २०१२ साली अमूर ससाण्यांची प्रचंड संख्येने शिकार होत असल्याचे उघड झाले. हे ससाणे तिथून दख्खन आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी, चर्चने आणि वनखात्याने मिळून शिकार थांबवली. ज्यांनी जाळी लावली होती तेच राखणदार झाले. तिथे समाजाला बाजूला न सारता बरोबर घेतले गेले. उलट अरब देशांनी पुढाकार घेऊन बाज पाळण्याची कला २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेली. जिथून त्या कलेचे शब्द मराठीत आले, त्या जगात तिची अशी नोंद झाली. आपल्या मीरशिकारांची नोंद करायला मात्र आपल्याकडे कोणी पुढे आले नाही.

पंचगंगेकडे परत

येणारे पाहुणे कायम येत राहतील असे धरून चालता येत नाही. मन्सूरने रंगवलेला सायबेरियन क्रौंच भरतपूरला दर हिवाळ्यात येत होता. संख्या घटत घटत शेवटची जोडी २००२ मध्ये दिसली. त्यानंतर तो भारतात हिवाळ्याला आलेला नाही. आता तो पाहायचा तर कोलकात्याच्या संग्रहालयात, चारशे वर्षांपूर्वीच्या कागदावर.

पंचगंगेचे दुखणे जगजाहीर आहे. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि शेतातून वाहून येणारी खते तिच्यात मिसळतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. ज्या गाळात तुतारी चोच खुपसते तोच गाळ आपल्या पिण्याच्या पाण्याखाली आहे. नदी बिघडली हे पक्ष्यांना आधी कळते. ते बोलत नाहीत, येणे थांबवतात. म्हणून कोणता पक्षी कोणत्या वर्षी किती तारखेला आला, ही साधी नोंद नदीच्या प्रकृतीचा दाखला ठरते.

ही नोंद कोणी करायची? महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याची सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसाने होते आणि शेवट सालिम अलींच्या. सोलापूरच्या चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य घालवून आदिवासींच्या आणि शिकाऱ्यांच्या तोंडची पक्षिनावे मराठी कोशात आणली. २०२५ मध्ये ते गेले. या सप्ताहाच्या दोन टोकांना ही दोन नावे आहेत, यात मराठी मुसलमानाला सांगण्यासारखे खूप काही आहे.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी संस्था आणि वसतिगृह उभे केले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. शिकलेल्या पिढ्या तयार झाल्या. त्यांच्या घरी दख्खनी आहे, शाळेत मराठी आहे, मदरशात अरबी आहे आणि मोबाइलवर इंग्रजी आहे. एकाच पक्ष्याची चार नावे ज्याच्या जिभेवर सहज येऊ शकतात, असा हा समाज आहे. सुर्खाब म्हणजेच चक्रवाक आणि सुरद म्हणजेच खाटीक, हे दोन्हीकडच्या माणसांना सांगण्याची सोय त्याच्यापाशी जितकी आहे तितकी क्वचितच कोणाकडे असेल. मोहल्ल्यात कबुतरे उडवणारा एखादा म्हातारा आजही शिकरा आणि बहिरी दुरून ओळखतो, कारण ते त्याच्या कबुतरांचे वैरी. त्याच्याजवळ बसून त्याचे शब्द वहीत उतरवायला दुर्बीण लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो थोडा आदर.

मीरशिकाराला लिहिता येत नव्हते, म्हणून त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली. त्याच्या नातवाला आणि पणतूला लिहिता येते. पूर ओसरल्यावर एखाद्या रविवारी फजरची नमाज आटोपून पोराबाळांसह नदीवर जावे, दिसेल त्या पक्ष्याचे नाव घरच्या बोलीत आणि मराठीत लिहावे, शेजारी तारीख टाकावी. पुढच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडावी. शंभर वर्षांनी पंचगंगेचा इतिहास लिहिणाऱ्याला पुराच्या फुटांबरोबर आपल्याही काही ओळी सापडल्या पाहिजेत.